फोन आम्ही करायचा की शासनाने? : आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

मी अकोला जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यातील शेतकरी असून गेली तीन वर्षे आठवड्यातून दोनदा एस.टी.ने जाऊन डायलिसिस करून घेतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे त्याचा खर्च माझ्यावर पडत नाही, याबद्दल मी ऋणी आहे. हे पत्र त्या दोन वारांच्या मधल्या दिवसांविषयी आहे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, तेव्हाही मूत्रपिंडे निकामी झाल्याने आम्हांला दिवसभराचे पाणी मोजूनच प्यावे लागते; घरची माणसे माठाशी येऊन जातात आणि आपण ओल्या फडक्याने ओठ पुसत बसतो. वावर बटईने दिलेले असते, मुलगा कामधंदा सोडून सोबत येत असतो आणि आपण घरावर ओझे झालो, हा विचार रात्री झोपू देत नाही. याला कोणी वेड म्हणत नाही आणि म्हणूनच कोणी इलाजही विचारत नाही.

केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणारी सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक निःशुल्क असून चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येते. सेवा उपयोगाची आहे, परंतु फोन करण्याचा भार तिने रुग्णावरच ठेवला आहे. माझ्या शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ पोळ्यानंतर येईनासे झाले. केंद्राच्या वहीत गैरहजेरी लागली आणि त्यांची वेळ दुसऱ्याला मिळाली. आम्ही तिघांनी त्यांच्या घरी फोन केला, तेव्हा मुलावर भार नको म्हणून त्यांनीच येणे सोडल्याचे कळले. तो फोन आम्ही आठ दिवस उशिरा केला होता.

म्हणून विनंती अशी की, डायलिसिस केंद्रांकडे, असंसर्गजन्य रोगांच्या बाह्यरुग्ण विभागांकडे आणि गडचिरोली-गोंदियाकडील सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या नोंदींत ज्यांचे मोबाइल क्रमांक आधीच लिहिलेले आहेत, त्यांना त्यांच्या संमतीने प्रशिक्षित समुपदेशकाने पंधरवड्यातून एकदा स्वतःहून फोन करावा. दर वेळी माणूस तोच असावा, कारण नव्या आवाजाला पहिल्यापासून सगळे सांगण्याची ताकद आमच्यात उरलेली नसते. त्याला वऱ्हाडी समजावी, गडचिरोलीत गोंडी यावी. आणि आजाराची माहिती तर हवीच, नाहीतर उन्हाळ्यात आम्हांलाच 'भरपूर पाणी प्या' असा सल्ला मिळायचा! प्रकृती गंभीर वाटल्यास जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांकडे त्याने नाव कळवावे. मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याच्या कलम १८ ने आम्हांला दिलेलाच आहे.

वेळही रुग्णाला विचारूनच ठरवावी, कारण पुष्कळ घरांत फोन एकच असतो आणि तो दिवसभर वावरात असतो. माझे वार मंगळवार आणि शुक्रवार आहेत. बुधवारी सायंकाळी सातनंतर फोन माझ्याजवळ असतो.

आपला नम्र,
तेल्हारा तालुक्यातील एक रुग्ण