गाडीची किंमत उतरते, पार्टची नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या आलिशान गाड्यांवर अर्धं पान आलं होतं. साठ लाखांची गाडी आठ-दहा लाखांत कशी मिळते, सौदा कसा करायचा, लेदर खरं की खोटं ते कसं ओळखायचं, सगळं होतं. फोटोही झकास. ती गाडी रोज चालवणार कोण आणि तिच्या ब्रेकवर पाय कुणाचा असणार, हे तेवढं कुठंच नव्हतं. मी ड्रायव्हर आहे. ऐन जवानीपासून नागपुरात दुसऱ्यांच्या गाड्या चालवतो, ॲम्बेसिडरपासून जर्मन गाड्यांपर्यंत. म्हणून हे पत्र. लांबलं तर कापा, पण टायरचा भाग कापू नका.

गाडी जुनी झाली की तिचा भाव पडतो. तिला लागणाऱ्या पार्टचा पडत नाही. साठ लाखांच्या गाडीचा शॉकअप आठ लाखांत घेणाऱ्यालाही साठ लाखांच्या हिशेबानंच मिळतो. ज्यानं नवी घेतली त्यानं हा खर्च धरलेला असतो, वॉरंटी संपली की तो गाडी काढून टाकतो. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या वाट्याला नेमकी ती वर्षं येतात ज्यात रबर कडक होतं, प्लास्टिकला तडे जातात. त्याला मात्र वाटतं, छोट्या गाडीच्या पैशात मोठी आली, तर सर्व्हिसिंगही छोट्या गाडीएवढ्याच पैशात व्हावं. मग दिल्लीच्या मायापुरीतून नाही तर मुंबईच्या कुर्ल्यातून जुना पार्ट मागवायचा आणि तो किती दिवस चालतो ते पाहत बसायचं. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे अजून स्वस्तात उतरतात, त्यामुळे ही हौस आता फक्त सिव्हिल लाइन्स-रामदासपेठेसारख्या श्रीमंत वस्त्यांपुरती राहिलेली नाही.

सगळे मालक सारखे नसतात, हेही सांगतो. धंतोलीत एका डॉक्टरसाहेबांकडे मी बरीच वर्षं होतो. त्यांची १९९५ सालची मर्सिडीज ई २२० होती, पुण्यात या गाड्यांची जुळणी सुरू झाली त्या सुरुवातीच्या काळातली. ग्लोव्ह बॉक्समध्ये औषध कंपनीनं दिलेली डायरी असायची. डावं पान माझं, उजवं साहेबांचं. मी लिहायचो, ‘ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते’, ‘सकाळी दुसरा गिअर झटका मारून पडतो’. समोरच्या पानावर ते किलोमीटर, काय बदललं आणि किती पैसे लागले ते टाकायचे. माझ्या ओळीसमोर त्यांचं पान कोरं राहिलं तर त्यांना चैन पडायचं नाही. केसपेपरची सवय, दुसरं काय!

नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतल्या मर्सिडीजच्या इंजिनातल्या वायरींचं आवरण उष्णतेनं ठिसूळ होतं, हे मिस्त्री मंडळींत जगजाहीर आहे. डॉक्टरांच्या कानावर ते आलं तेव्हा आमच्या गाडीत काहीच बिघाड नव्हता. तरी त्यांनी बॉनेट उघडायला लावलं. मिस्त्रीनं इंजिनाजवळची एक वायर नुसती वाकवली, तर वरचं आवरण मुरमुऱ्यासारखं चुरलं आणि आतलं तांबं उघडं पडलं. डॉक्टरांनी अख्खं वायरिंग बदललं. त्या वर्षी मॅडमची काश्मीरची सहल राहिली आणि ते आम्हा दोघांनाही पुष्कळ दिवस ऐकावं लागलं. पण ती गाडी आम्हाला कधी रस्त्यात सोडून गेली नाही.

त्यानंतर पूर्व नागपुरातल्या एका व्यापाऱ्यांकडे लागलो. मोठी जर्मन गाडी, स्प्रिंगऐवजी एअर सस्पेन्शन असलेली. या गाड्यांत चारही चाकांवर रबरी फुगे असतात, कॉम्प्रेसर त्यांत हवा भरतो आणि गाडी उचलून धरतो. रबर जुनं झालं की त्याला बारीक चिरा पडतात. रोज सकाळी पोर्चमध्ये जावं तर पुढचं डावं चाक मडगार्डच्या आत गेलेलं आणि गाडी त्या बाजूला बसलेली. चालू केली की खालून घर्र आवाज यायचा आणि मिनिटाभरात ती उठायची. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, “उठून राहिली ना? मंग कायले पैसे घालतो?”

जो कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबायला पाहिजे, तो गळती भरून काढायला सारखा चालत राहतो आणि शेवटी जळतो. एका फुग्याचं काम होतं, त्यात कॉम्प्रेसरची भर पडली. त्याच महिन्यात साहेबांनी गाडीला सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चकाकीचा लेप, करून घेतलं, कारण घरात लग्न होतं. वर्धा रोडवरच्या लॉनच्या फाटकाशी, बँड वाजत असताना, गाडी पुढून हळूहळू खाली बसली. समोरच्या पडद्यावर इंग्रजीत आलं, थांबा, गाडी फार खाली आहे. चाक आत घासत होतं, हलवता येईना. फुलं लावलेल्या त्या चकचकीत गाडीतून नवरदेवाला उतरवून पाहुण्यांच्या इनोव्हात बसवलं आणि आमची गाडी सपाट ट्रकवर चढवून नेली. सगळ्यांसमोर माझ्याकडे पाहून साहेब म्हणाले, “याले सांगून ठेवलं होतं, गाडी पाहून ठेव म्हणून.”

दिव्यांचंही तसंच. डॅशबोर्डवर इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला की बिघाड शोधायचा सोडून स्कॅनरवाल्याला बोलावून तो दिवा पुसायला लावतात. दोन-चार दिवसांत परत लागतो. गाडी विकायच्या आदल्या दिवशी तर हमखास पुसतात.

आता सध्याची नोकरी. गाडीचं नाव लिहीत नाही, साहेब ओळखू येतील. २०१२ सालची डिझेल आहे एवढंच सांगतो. काही डिझेल इंजिनांत, बीएमडब्ल्यूचं एन ४७ त्यातलं सगळ्यांत माहितीतलं, टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी, पुढे नसून मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते. ती सैल झाली की थंड इंजिन चालू करताना मागून खळखळ आवाज येतो, आणि इंजिन तापलं की बराचसा दबतो. चेन तुटली तर इंजिनच जातं, तेही चालत्या गाडीत. बदलायची तर गिअरबॉक्स नाही तर इंजिन उतरवावं लागतं, म्हणून मजुरी जबर आणि म्हणूनच चालढकल.

पाहा कसं होतं. मी आठला गाडी चालू करतो. थंडीत तो आवाज वॉचमनलासुद्धा ऐकू जातो, एकदा तोच म्हणाला, “काका, डब्यात काय खिळे भरले का?” साहेब नऊला खाली येतात. तोवर मी गाडी पुसून, एसी लावून, गरम करून दारासमोर आणलेली असते, कारण तशी त्यांची ताकीद आहे. ते मागच्या सीटवर बसतात, दार बंद होतं, काचा वर. आत गाणं. मी आवाजाचं बोललो की म्हणतात, “मले तं काही ऐकू येत नाही बुवा.” खरंच येत नाही, ते खोटं बोलत नाहीत. या गाड्यांत मागच्या सीटवर काही ऐकू येऊ नये म्हणूनच तर कंपनीनं एवढा खर्च केलेला असतो. मी मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ऐकवला. त्यावर उत्तर मिळालं, “मोबाइलमध्ये सगळंच खडखडते.”

गिअर ऑइलवर त्यांचं म्हणणं, कंपनीनं लिहिलं आहे की ते आयुष्यभर बदलायची गरज नाही. पण हे गिअरबॉक्स जी झेडएफ नावाची जर्मन कंपनी बनवते, ती स्वतःच ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, नाही तर ८ वर्षांनी बदला म्हणते. मी बोलून पाहिलं. पाहू म्हणाले.

आता टायर. त्यांच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन सालाचे. ३५१६ म्हणजे २०१६ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला टायर. हौसेच्या गाड्या फिरतात कमी, त्यामुळे नक्षी झिजत नाही आणि वरून टायर नवाच दिसतो. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा पडलेल्या असतात, त्या वाकून बघितल्याशिवाय दिसत नाहीत. वरून आपलं ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बंगल्यात एकाच गाडीला शेड असेल तर ती नव्या गाडीला मिळते. अशी गाडी घेऊन समृद्धीवर जायचं. वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर, खाली तापलेलं काँक्रीट, आणि मागून “दाब ना काका, शिर्डीच्या आरतीले पोहोचाचं आहे.” टायर फुटून अपघात व्हायला लागले तेव्हा आरटीओनं शिवमडक्याला, नागपूरकडून समृद्धी सुरू होते तिथं, टायर तपासायला सुरुवात केली होती. चांगलं काम होतं. ते रोज व्हायला पाहिजे, आणि तपासणाऱ्यानं नक्षीसोबत ते चार आकडेही वाचले पाहिजेत.

या गाड्यांत आणखी एक गंमत आहे. पुष्कळ गाड्यांना कंपनीतून रनफ्लॅट टायर येतात, हवा गेली तरी हळूहळू साधारण ८० किलोमीटर जाता येतं, म्हणून डिक्कीत स्टेपनीच नसते. दुसरा मालक पैसे वाचवायला साधे टायर टाकतो. म्हणजे रनफ्लॅटही गेले आणि स्टेपनी तर पहिल्यापासूनच नाही. रात्री वर्ध्याच्या पुढे पंक्चर झाल्यावर माणसानं काय करावं, हे एकदा त्या मालकानंच मला सांगावं.

ब्रेक ऑइलही दोन वर्षांत बदलावं लागतं. ते हवेतलं पाणी ओढतं, मग घाट उतरताना तापून त्यात वाफ धरते आणि पेडल मऊ होत खाली जातं. नागपूर सपाट असल्यामुळे शहरात हे कळतच नाही. चिखलदऱ्याहून उतरताना कळतं, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तळघरांतल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. या महागड्या गाड्यांचे कॉम्प्युटर सीटखाली, गालिच्याखाली असतात. एकदा पाणी शिरलं की गाडी वाळवून, सुवासिक करून, चालू करूनही दाखवता येते, पण आतल्या जोडण्या महिनोन्महिने गंजत राहतात. इंजिनात पाणी गेलं असेल तर साध्या विम्यात त्याचे पैसे मिळत नाहीत, त्यासाठी वेगळं कवच घ्यावं लागतं आणि जुन्या गाडीला ते बहुतेक मिळत नाही. तेव्हा स्वस्तात जुनी गाडी घेणाऱ्यानं सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून खालच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का ते बघावं. बेल्ट कुणी धूत नाही.

तुम्ही म्हणाल, ड्रायव्हरला एवढी चिंता कशाची, गाडी तर साहेबांची. चिंता अशी की काही विपरीत झालं तर गुन्हा आधी माझ्यावर दाखल होतो. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेत ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ब्रेक ऑइल कधी बदललं, टायर कोणत्या सालचा, हे पंचनाम्यात कोण लिहितं? वास्तविक मोटार वाहन कायद्याचं कलम १९० सदोष गाडी चालवणाऱ्याला आणि ती चालवू देणाऱ्याला, दोघांनाही लागू आहे. एका वकील साहेबांच्या गाडीवर असताना मी हे त्यांच्याच तोंडून ऐकलं. त्यांच्या गाडीचेही टायर जुनेच होते.

माझं मागणं फार नाही. गाडी घ्यायला जाताना मालकानं ड्रायव्हरला सोबत न्यावं, आणि विकणाऱ्यानं सकाळी गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर परत फिरावं. गाडी घरी आली की डाव्या-उजव्या पानाची डायरी ठेवावी. त्यात ड्रायव्हरनं लिहिलेल्या ओळीखाली मालकाची सही असावी, हो म्हटलं असो की नाही. आठवड्यातून एकदा मालकानं स्वतः खाली येऊन थंड गाडी चालू करावी, काचा खाली घेऊन. आणि आपल्या पुरवणीत पुढच्या वेळी जुन्या गाडीची किंमत छापाल, तेव्हा तिच्या चार टायरांची, बॅटरीची आणि एका चाकाच्या सस्पेन्शनची किंमतही शेजारी छापा.

माझं नाव छापू नये ही विनंती. आमच्या साहेबांकडे हाच पेपर येतो आणि तो गाडीत मागच्या सीटवरच वाचतात. २०१२ ची डिझेल वाचून त्यांनी मान वर केलीच, तर मी गाडी तिथूनच गॅरेजकडे वळवीन.

आपला,
एक ड्रायव्हर
मानेवाडा, नागपूर