भाडेवाढीच्या चिठ्ठ्यांबाबत पागडीधारक सभासदांना सूचना

सर्व सभासदांस नमस्कार,

काही बिऱ्हाडांना घरमालकांकडून दुप्पट भाड्याच्या चिठ्ठ्या आल्या आहेत. घाबरून कशावरही सही करू नका.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार जुन्या भाडेकरूंचे भाडे मालकाला दरवर्षी ४ टक्के वाढवता येते. म्हणजे ५०० रुपयांचे ५२० होतील, हजार नाही. महापालिकेचे कर वाढले किंवा इमारतीची मोठी दुरुस्ती झाली तर वेगळी वाढ मागता येते, पण तिचा हिशेब लेखी मागा.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे, वादापायी भाडे थांबवू नका. मालक तेच तर शोधत असतो! कायदेशीर भाडे आणि रीतसर वाढ देण्याची तयारी असलेल्याला थकबाकीसाठी घराबाहेर काढता येत नाही. थकबाकीची लेखी नोटीस मिळाल्यावरही दावा लावण्याआधी ९० दिवस जावे लागतात. त्या मुदतीत पैसे भरून टाका. मालक भाडे घेत नसेल तर चेक आणि पत्र पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा. पावती हा तुमचा हक्क आहे.

पाणी किंवा वीज तोडणे बेकायदा आहे. तसे झाल्यास त्याच दिवशी समितीला कळवा.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना हे संरक्षण नाही. त्यांनी आपला नोंदणीकृत करार नीट वाचावा.

चिठ्ठी आलेल्यांनी तिची झेरॉक्स आणि जुन्या पावत्या रविवारपर्यंत समितीकडे द्याव्यात. वकिलांना सर्वांची कागदपत्रे एकत्रच दाखवायची आहेत.

— भाडेकरू समिती