सिकलसेलची फीड

सांगली,
१८ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

भाऊबीजेला फोनवर तू म्हणालास, "रोज रात्री तासभर मोबाईल चाळतो, पण सिकलसेलवर नवं काही आलं की ते मला दुसऱ्याच कुणाकडून कळतं." ते मनाला लागून राहिलं. नंदुरबारात रक्ताचा हा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांसाठी तू एवढा राबतोस, तुला तरी हे वेळेवर मिळायला हवं.

माझंही असंच झालं होतं. रिझर्व्ह बँकेचं एक परिपत्रक मला नऊ दिवस उशिरा कळलं, तेही कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं म्हणून. साहेबांसमोर मान खाली घालावी लागली. त्याच संध्याकाळी मी आरएसएस, म्हणजे संकेतस्थळांवरचं नवं काही आपणहून आपल्याकडे आणणारं साधन, पुन्हा सुरू केलं. (नाव ऐकून आधी संघ आठवेल, पण हे वेगळं!) १९९९ मध्ये नेटस्केप कंपनीत ते जन्मलं आणि घडवणाऱ्यांत आयआयटी मद्रासचे रामनाथन गुहा होते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

यात अवघड काही नाही. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची एक छोटी फाइल ठेवतं: शीर्षक, तारीख, दुवा, थोडा सारांश. तीच फीड. आपलं रीडर अ‍ॅप ठरावीक वेळाने ती तपासतं आणि नवं असेल ते आणून ठेवतं. तू ऐकतोस ते पॉडकास्टही याच फीडवर चालतात. रिझर्व्ह बँकेच्या अधिसूचनांची अशी फीड आहे, सेबीचीही आहे. सकाळी चहाबरोबर दहा मिनिटांत माझं वाचून होतं. हो, वाचून *होतं*! खाली सरकवत राहावं असं तिथे काही उरतच नाही.

तुझ्यासाठी खरी सोय पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय शोधनिबंध शोधायच्या संकेतस्थळावर आहे. तिथे हवा तो शोध घे, शोधपेटीखाली 'क्रिएट आरएसएस' असं दिसेल, ते दाब. मिळालेला दुवा रीडरमध्ये टाकलास की त्या शोधात बसणारा प्रत्येक नवा शोधनिबंध तुझ्याकडे आपणहून येईल. कुणाला तो महत्त्वाचा वाटला, किती जणांनी पुढे पाठवला, याच्याशी काही संबंध नाही.

वर्तमानपत्रांच्या फीड मात्र लावू नकोस. मी तीन लावल्या होत्या, दोन दिवसांत चारशे बातम्या साचल्या. जे क्वचित येतं पण चुकवून चालत नाही, त्यासाठी हे साधन आहे.

२०१३ च्या १ जुलैला गूगल रीडर बंद झालं, तेव्हा माझ्या फीडची यादी मी ओपीएमएल फाइलमध्ये उतरवून ठेवली होती. इतक्या वर्षांनी ती नव्या रीडरमध्ये जशीच्या तशी चढली. निम्म्या फीड मेलेल्या निघाल्या. पण मोडी लिपीवर लिहिणारे एक निवृत्त शिक्षक अजून लिहितायत! वर्षाला चार-पाच लेख, बस. मध्ये सात महिने काहीच नव्हतं, मी काळजीत होतो. मग परवा पहाटे एका जुन्या खरेदीखताचं वाचन, ओळीखाली ओळ लावून. कामावर जायची वेळ झाली तरी उठवेना.

ईमेलने फाइल पाठवतोय. फीडली किंवा इनोरीडर, कुठल्याही रीडरमध्ये चढेल. त्यात सिकलसेलचा एक शोध मी घालून ठेवलाय, पण शब्द मला नीट सुचले नाहीत; ते तू बदल. आणि तुझ्या जिल्ह्यातल्या कुणाचं लिखाण वाचण्यासारखं असेल तर मला कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश