चवथीला दिसणारी गळती

संपादक महोदय,

‘जुने घर कोसळले, सुदैवाने जीवितहानी नाही’ ही बातमी दर पावसाळ्यात आपल्या पानांवर असते. अग्निशामक दल आले, तलाठ्याने पंचनामा केला, नुकसान अमुक लाखांचे, एवढे त्यात कळते. त्या घराची पडझड किती वर्षे आधी सुरू झाली होती, हे मात्र कधी छापून येत नाही.

गोव्यातल्या आमच्या फोंडा भागातली घरे पाहा. चिऱ्याच्या भिंती, जोडायला माती, वर मंगळुरी कौले. माकडांनी आढ्यावरचे एखादे कौल फोडले तर ते बदलायला एका माणसाचा अर्धा दिवस पुरतो. ते तसेच राहिले की पाणी वाशावरून उतरत भिंतीच्या माथ्यात मुरते. चिरा भिजला तरी बराच काळ टिकतो, पण सांध्यातली माती धुपते, वाशाचे भिंतीत टेकलेले टोक कुजते आणि ओलीच्या वासाने वाळवी चढते. भिंतीला पोट सुटले की कौल बदलून भागत नाही, सगळे छप्परच उतरवावे लागते. तसे काम जाणणारे सुतार आता शोधून सापडत नाहीत. काहीजण ओल लपवायला बाहेरून सिमेंटचा गिलावा मारतात. त्याने ओल आतच कोंडते.

पैसे नाहीत म्हणून हे होते, असे म्हणतात. मला ते अर्धेच पटते. 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात मुलगे-मुली सारखेच वारस. याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली कोर्टामार्फत वाटणी, न करता दोन-तीन पिढ्या गेल्या की एका घरावर डझनभर नावे चढतात आणि तिथे राहते एकटी काकी. खर्च कोणी करायचा? जो करील त्याच्यावर ‘हा घर घशात घालणार’ असा संशय, म्हणून शहाणा माणूस गप्प बसतो.

त्यातून आपले वेळापत्रकही विचित्र. सगळे भाऊबंद एकत्र येतात ते गणेश चवथीला, म्हणजे भर पावसात. माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली) बादली ठेवलेली प्रत्येकजण पाहतो, हळहळतो, ‘पाऊस गेला की बघूया’ म्हणतो. पाऊस जातो तेव्हा बघणारे मुंबईला नाहीतर दुबईला पोचलेले असतात. माझे म्हणणे इतकेच, की वर्गणी चवथीलाच गोळा करून काकीच्या हाती द्यावी. दिवाळीनंतर मे महिन्यापर्यंत कामाला भरपूर कोरडे दिवस मिळतात. मृगाच्या तोंडावर गवंडी मिळत नाही आणि मिळाला तर मागेल तो दर द्यावा लागतो.

मडगाव-वास्कोच्या जुन्या इमारतींतही गोष्ट तीच, फक्त काकीच्या जागी सोसायटी. कितीतरी ठिकाणी तीही नोंदलेली नाही. खारी हवा, सततची ओल आणि भेगा यांमुळे स्लॅबमधली सळी गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. काँक्रीटच्या टिकाऊपणाचे अभ्यासक डी सिटर यांनी 1984 साली मांडलेला ‘पाचाचा नियम’ इंजिनिअर मंडळी सांगतात: वेळेवर एक रुपया लागला असता, तिथे टाळल्यावर पाच आणि आणखी टाळल्यावर पंचवीस. ढोबळच हिशेब, पण गच्चीवर पत्रे चढवून खालची भेग विसरणाऱ्यांनी तो एकदा मांडून पाहावा.

पंचायती आणि पालिकांनाही विनंती आहे. कौले, वासे, रिपा बदलणे म्हणजे नवे बांधकाम नव्हे. परदेशातल्या एखाद्या सहमालकाच्या हरकतीवर अशी कामे अडकून पडू नयेत. मूळ आकार न बदलता होणाऱ्या दुरुस्तीची परवानगी निदान ऑक्टोबर-नोव्हेंबरात झटपट मिळेल, एवढी सोय त्यांनी करावी.

— एक वाचक, फोंडा