अनामिकेच्या मुळाशी ‘ला’

सर, सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या गोव्यात सांजांव झाला. डोक्यावर कोपेलं, म्हणजे फुलापानांचे मुकुट, घालून पोरं विहिरीत उड्या मारत होती आणि मी काठावर ‘उत्, रे, मी’ पुटपुटत होते. शेजारणीला वाटलं, स्तोत्र म्हणतेय. तिचं अगदीच चुकलं नव्हतं! ज्या संत जॉनचा हा सण, त्याच्याच लॅटिन स्तोत्रातून ही पाश्चात्त्य सुरांची अक्षरं आली, हे तुमच्यामुळे कळलं.

पेटीवर भजनं वाजवणारी बाई बावन्नाव्या वर्षी व्हायोलिन शिकायला गेली, तर तुमच्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी काय झालं तेही लिहितेच. एकाने ‘परीक्षेला बसणार का?’ विचारलं, नाही म्हटल्यावर विषयच संपला. दुसऱ्याने ‘एव्हरी गुड बॉय डिझर्व्ज फुटबॉल’ घोकायला लावलं. पाश्चात्त्य स्वरलिपीतल्या पाच रेषांवरचे सूर त्या शब्दांच्या आद्याक्षरांत बसतात, कबूल. पण या रेषा आल्या कुठून, असं विचारलं की तो घड्याळ बघे. फी मात्र पाच तारखेच्या आत.

तुम्ही म्हणालात, ‘बरो प्रस्न, बाय!’ आणि बॉलपेन काढून स्वतःचाच डावा तळवा उघडलात.

हजार वर्षांपूर्वी इटलीतल्या आरेझ्झोत ग्वीदो नावाचा साधू चर्चमधल्या पोरांना गाणं शिकवी. गायक दहा-दहा वर्षं ऐकून पाठ करत, तरी नवं स्तोत्र पुढ्यात आलं की गप्प. त्याने सूर रेषांवर मांडले. शिवाय असं स्तोत्र घेतलं, ज्याच्या पहिल्या सहा चरणांतला प्रत्येक आधीच्यापेक्षा एक सूर वर सुरू होतो. त्या सहा चरणांची पहिली अक्षरं म्हणजे उत्, रे, मी, फा, सोल, ला. ‘डो’ पुष्कळ नंतरचा. ‘ही आपल्या सारेगमची नक्कल’ असा मेसेज मीही पुढे ढकलला होता, तेव्हा तुम्ही नुसते हसलात.

ग्वीदोच्या नावाने चालत आलेला तो ‘हात’ तुम्ही पेरापेरावर लिहीत गेलात. अंगठ्यावर टोकापासून खाली उत्, रे, मी. मग बोटांच्या मुळांशी फा, सोल, ला. तुम्ही पेर दाखवायचं, मी गायचं. पेरांवर जप मोजणाऱ्या घरातली मी, मला हे परकं वाटेना. मग तार निम्म्यावर दाबून वरचा सा ऐकवलात आणि तिचा तिसरा हिस्सा सोडून दाबलीत तेव्हा पंचम. पायथागोरसच्या परंपरेतलं हे गणित ग्वीदोही एका तारेच्या वाद्यावर शिकवी. माझ्या कानाला मात्र तो घरचाच पंचम.

बाहेर पुढचा विद्यार्थी खोळंबला होता. तरी तुम्ही पेन माझ्यापुढे धरलंत. म्हणालात, आता तुमच्या हातावर तुम्ही लिहा. चर्चच्या शाळेत सोल्फेजो, म्हणजे ही सुरांची अक्षरं म्हणत गाणं, शिकलेला, सत्तरी ओलांडलेला माणूस माझं गिचमिड अक्षर बघत शांत उभा होता. अशी सभ्यता हल्ली कुठे भेटते, सर? ‘ला’ची जागा अनामिकेच्या मुळाशी, नेमकी अंगठीखाली. मी ती काढून पर्समध्ये टाकली.

रात्री पीठ सुनेने मळलं. अंगठी अजून पर्समध्येच आहे.