विषय : सॅडलबॅगची जोडी (घोड्याची, बुलेटची नव्हे)

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आपल्या हेल्पलाइनवरचा माझा सहावा फोन आत्ता साडेतीनला संपला. म्हणजे समोरून ठेवला गेला.

जुलैत आम्ही काश्मीरमध्ये सोनमर्गहून नारानागला घोड्यांवरून गेलो. निचनाई खिंड उतरून विशनसरकडे जाताना आपल्या डाव्या बॅगची कडी रिव्हेटसकट उपटून आली. एका बाजूचा बोजा गळला की दुसरी बाजू जिनासकट पोटाखाली घसरते आणि जनावर उधळतं, हे आपल्याला सांगायला नकोच. घोडेवाल्याने लगाम धरून तंग (जिनाचा पोटपट्टा) सोडला, म्हणून निभावलं. तरी घोड्याची पाठ सोलवटलीच. पुढचे सगळे दिवस सामान तांदळाच्या गोणीत. गोणी फाटली नाही.

दोन्हीकडे १४-१४ किलो, काट्यावर तोलून भरलं होतं. आपल्या लेबलवर २० लिहिलंय.

आता आजचं संभाषण.

"सर, कुठल्या गाडीला लावली होती?"
"घोड्याला."
"मॉडेल?"
"घोडा."
"सर, मॉडेल टाकल्याशिवाय सिस्टीम पुढे जात नाही."

मी म्हटलं, तपकिरी आहे, आठ वर्षांचा. थोडा वेळ टाइप केल्याचा आवाज आला. मग : "आठ वर्षं जुनी गाडी वॉरंटीत बसत नाही, सर."

त्या मुलीची चूक नाही. तिच्यापुढे दुचाकीचाच फॉर्म ठेवलाय. पण आपल्याच बॅगेवर घोड्याचं चित्र छापलंय, ते कंपनीत कोणी पाहिलंय का? (शांतपणे लिहायचं ठरवलं होतं.) पुन्हा सांगतो : बॅग घोड्याची आहे. कडीमागचं चामडं उसवून पाहिलं, आत पुठ्ठा निघाला. खोगीरभरती हा शब्द आजवर दिवाळी अंकांबाबत वापरत होतो, प्रत्यक्ष बघायला ६,८०० रुपये पडले.

बदली जोडी नको, पैसे परत हवेत. पंधरा दिवसांत. आपलं मुख्य कार्यालय दिल्लीत असलं, तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मला पुण्यातल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत आहे. मी निवृत्त आहे, कोथरूडला राहतो, वेळ भरपूर आहे.

आपली सायकलची बॅग मी वीस वर्षं वापरली. अजून माळ्यावर धड आहे. तिच्या भरवशावरच ही घेतली.

आपला (अजून तरी) ग्राहक,
कोथरूड, पुणे

सोबत : बिलाची प्रत, उपटलेली कडी, पुठ्ठा, आणि घोड्याचा फोटो. मॉडेल ओळखता आलं तर कळवावे.