तुझ्या एकवीस दिवसांबद्दल

प्रिय दिनू,

परवा फोन ठेवताना तू म्हणालास, "दारू सोडून एकवीस दिवस झाले रे, तरी जीव थाऱ्यावर नाही. माझ्यातच दम नाही." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितोय.

आधी रिपोर्टचं. लिव्हर दुखावलं की रक्तात वाढणाऱ्या एन्झाइमांपैकी एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आहे आणि गॅमा जीटी हे तिसरं एन्झाइमही चढलंय. हे दोन्ही एकत्र दिसलं की संशय दारूवरच जातो. पण "लिव्हर गेलं" हे या आकड्यांवरून ठरत नाही. सोनोग्राफीत चरबी दिसली आहे, आणि दारू बंद राहिली तर ती काही आठवड्यांतच उतरू लागते. आत व्रण किती साठलेत, हे मात्र फायब्रोस्कॅनसारख्या, लिव्हर किती कडक झालंय ते मोजणाऱ्या तपासणीशिवाय नीट कळणार नाही. तेवढं डॉक्टरांना विचार, टाळू नकोस. लिव्हर दुखत नाही म्हणून ते ठीक आहे असं धरून चालायचं नसतं.

लॅबमध्ये तुझ्या रक्ताची नळी मशीनमधून काढल्यावर मी ती उजेडाकडे धरली होती. रक्त खाली बसलं की वर सीरम उरतं. कावीळ झालेल्या माणसाचं सीरम इतकं गडद पिवळं असतं की मशीनने आकडा द्यायच्या आधीच पोटात गोळा येतो. तुझं फिकट होतं. मी नळी स्टँडमध्ये ठेवली आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिलो.

आता त्या "दम नाही"बद्दल. आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं, आणि त्या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या असतात. दारू आणि दारूपासून तयार होणारं असिटाल्डिहाइड ही शिवण उसवतात. मग आतड्यातल्या जंतूंच्या आवरणाचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, रक्तात झिरपतात. हे रक्त पोर्टल शिरेतून आधी लिव्हरमध्येच येतं. लिव्हरला मिळणारं जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त याच वाटेचं. तिथे कुप्फर पेशी पहाऱ्याला असतात. थोडाफार कचरा त्या मुकाट्याने गिळतात. रोज लोंढाच यायला लागला की भडकतात, टीएनएफसारखी सूज आणणारी रसायनं सोडतात, आणि दारूने आधीच मेटाकुटीला आलेल्या लिव्हरच्या पेशी त्यात मरतात. वर्षानुवर्षं हेच चाललं की व्रणावर व्रण साठत जातो. त्यालाच पुढे सिरॉसिस म्हणतात.

आणि ही सूज लिव्हरपाशी थांबत नाही, दिनू. ती रक्तातून सगळीकडे फिरते, मेंदूपर्यंत तिचे पडसाद जातात. २०१४ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी दारू सोडण्यासाठी दाखल झालेल्या ६० जणांची आतडी तपासली. ज्यांची आतडी जास्त झिरपत होती, त्यांच्यात तीन आठवडे दारू बंद असूनही उदासी, घालमेल आणि तलफ इतरांपेक्षा जास्त उरली होती. तीन आठवडे! तू आत्ता नेमका तिथेच उभा आहेस. तुझ्या शरीरात काय चाललंय हे मी इथे बसून छातीठोक सांगू शकत नाही, पण तुझी घालमेल म्हणजे तुझा नादानपणा आहे, हे मी अजिबात मानणार नाही.

जाहिरातीतल्या प्रोबायोटिकच्या डब्यांमागे लागू नकोस, त्यांनी हे सगळं सुधारतं इतका पुरावा अजून नाही. डॉक्टरांनी दिलेलं थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, मात्र चुकवू नकोस. पॅरासिटामॉल त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. आणि एखाद्या दिवशी पाय घसरलाच आणि पुन्हा रोजची सुरू झाली, तर खोलीचं दार लावून एकट्याने एकदम बंद करायला जाऊ नकोस. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवावर बेतू शकतं. कितीही वाजले असोत, मला फोन कर, आपण दवाखान्यात जाऊ. मी काही विचारणार नाही.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त काढू. सकाळी लवकर ये, गर्दी नसते. नळी मीच लावीन, तू शेजारी उभा राहा.

तुझा,
बाळू